पिंजऱ्यातल्या फिंच पक्ष्यांच्या पायात वाळा
(रेडिओवरील शेतीविषयक कार्यक्रमातील भाषण)

कोंबड्या, शेळ्या, दुभती जनावरे यांच्याविषयी आपण या कार्यक्रमात नेहमी बोलतो. आजचा विषय जरा वेगळा आहे. मालवण, देवगड, वेंगुर्ला या बाजूला पडवीत किंवा मांगराच्या कडेला जाळीचा पिंजरा करून फिंच पाळणारी तरुण मंडळी आढळतात. झेब्रा फिंच, बेंगाली फिंच, जावा चिमणी हे त्यातले नेहमीचे पक्षी. जागा थोडी लागते, खाणे थोडे, आणि नाचणी-वरी तर घरचीच.

पण पक्ष्यांची ओळख ठेवण्याची सोय बहुतेक ठिकाणी नसते. झेब्रा फिंचची मादी एका वेळी ४ ते ६ अंडी घालते. १२ ते १४ दिवसांत पिल्ले बाहेर येतात, साधारण तीन आठवड्यांत घरटे सोडतात आणि अडीच-तीन महिन्यांत आईबापांच्या रंगाची होतात. मग कोण कोणाचे, ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. अशा पिंजऱ्यात सख्खी भावंडेच जोड्या जमवतात. दोन-चार पिढ्या असे चालले की अंडी वांझ निघतात, पिल्ले अशक्त होतात, आणि पाळणारा मात्र दाण्याला दोष देत बसतो.

यावर उपाय म्हणजे पायातला वाळा. कोणी त्याला रिंग म्हणतात. तो दोन प्रकारचा असतो. एक चिरलेला, बहुधा प्लॅस्टिकचा आणि रंगीत. तो मोठ्या पक्ष्याच्या पायात केव्हाही घालता येतो आणि केव्हाही काढता येतो. दुसरा बंद वाळा, अॅल्युमिनियमचा, सांधा नसलेला. त्यावर वर्ष, क्रमांक आणि पाळणाऱ्याची खूण कोरलेली असते. हा फक्त लहान पिल्लाच्याच पायात जातो. पंजा एकदा वाढला की तो चढत नाही आणि उतरतही नाही. त्याची सारी किंमत यातच आहे. बंद वाळ्याचा पक्षी कोणाच्या तरी हातात लहानाचा मोठा झाला, हे पाहणाऱ्याला कळते. चिरलेल्या वाळ्यावरून तसे काही ठरत नाही.

बंद वाळा घालण्याची वेळ पिल्लू ७ ते ९ दिवसांचे असताना. झेब्रा फिंचला आतून अडीच ते तीन मिलिमीटर मापाचा वाळा लागतो, जावा चिमणीला त्याहून मोठा. वाळे आधी मागवून ठेवावेत. अंडी फुटल्यावर धावपळ करून उपयोग नाही, कारण हाताशी दोन-तीन दिवसच असतात.

काम संध्याकाळी करावे. हात धुऊन कोरडे करा. पिल्लू डाव्या तळहातात धरा. पुढची तीन बोटे एकत्र जुळवून त्यांवरून वाळा सरकवा, तो पंजाच्या गादीवरून वर न्या. मागचे बोट नळीला चिकटून वाळ्याखाली राहते, ते बोथट काडीने अलगद बाहेर काढा. नखाला धक्का लागू देऊ नका. वाळा अडला तर खोबरेलाचा एखादा थेंब पुरे, मागाहून तो पुसून घ्यावा. तरीही जात नसेल तर जबरदस्ती नको. पिल्लाचा पाय मोडण्यापेक्षा ते बिनवाळ्याचे राहिलेले बरे. उलट वाळा घसरून पडत असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

संध्याकाळच का, असे तुम्ही विचाराल. फिंचची मादी घरटे साफ ठेवते. चकाकणारी वस्तू तिला घाण वाटली तर ती उचलून बाहेर टाकते, आणि वाळ्याबरोबर पिल्लूही जाते. अंधार पडताना घातलेला वाळा तिच्या लवकर नजरेत येत नाही. वाळा आधी दिव्याच्या काजळीवर धरून काळा केला तर आणखी चांगले. तरी पहाटे उठून पिंजऱ्याचा तळ बघावाच. थंड पडलेले पिल्लू बराच वेळ ओंजळीत ऊब देऊन घरट्यात परत ठेवले तर पुष्कळदा जगते.

आपल्याकडची एक गोष्ट मुद्दाम सांगतो. घरट्यासाठी आपण काथ्या घालतो, तो चांगलाच. पण लांब धागा वाळ्यात अडकतो, पायाला फास बसतो आणि दोन दिवसांत पंजा काळा पडतो. म्हणून काथ्या दोन बोटे लांबीचा कापून द्यावा. तांब्याची किंवा लोखंडी तार वळून घरगुती वाळा करू नये, खाऱ्या हवेत ती गंजून कातडीला लागते. महिन्यातून एकदा प्रत्येक पाय पाहावा. वाळा नळीवर मोकळा फिरला पाहिजे. पायावर खवले जाड झाले असतील किंवा सूज असेल तर पक्षी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावा. घरच्या पकडीने बंद वाळा तोडायला जाऊ नये.

चिरलेल्या वाळ्यांच्या रंगाविषयी थोडे. मादीला लाल वाळ्याचे नर जास्त आवडतात, असे अमेरिकेतील नॅन्सी बर्ली यांनी १९८० च्या दशकात झेब्रा फिंचवरील प्रयोगांतून मांडले. पुढे इतरांच्या प्रयोगांत ते तितकेसे टिकले नाही. आपण एवढेच करावे, की एका वर्षाच्या पिल्लांना एकच रंग घालावा. वय लांबूनच कळते.

वाळा घातला आणि वही ठेवली नाही, तर वाळा नुसता दागिना. वहीत वाळ्याचा क्रमांक, आईबापांचे क्रमांक, अंडे फुटल्याची तारीख आणि पक्षी कोणाला दिला ते लिहा.

आता कायद्याचे. भात दाण्यावर आले की शेतात थव्याने उतरणाऱ्या मनोल्या, म्हणजे मुनिया, धरणे, पाळणे, विकणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे. आणि घोटाळा इथेच होतो. बेंगाली फिंच हा जपानात पिढ्यान्‌पिढ्या पाळून तयार झालेला पक्षी, पण त्याचे मूळ पांढऱ्या पाठीच्या मनोलीत आहे, आणि ही मनोली आपल्या कोकणातही आहे. तपकिरी-पांढरा बेंगाली फिंच पाहून वनरक्षकाला संशय आला तर त्याचे काही चुकत नाही. अशा वेळी बंद वाळा, वही आणि खरेदीची पावती ही तिन्ही दाखवता आली पाहिजेत. मात्र रानातल्या घरट्यातले पिल्लू आणून त्याला वाळा घातला म्हणून ते पिंजऱ्यातले होत नाही. गुन्हा तो गुन्हाच. रंगवलेल्या मुनिया ‘परदेशी’ म्हणून कोणी विकू लागला तर घेऊ नका.

जावा चिमणीची गोष्ट वेगळी. तिचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराखाली येतो. २०२२ ची कायद्यातील दुरुस्ती आणि २०२४ चे नियम यांप्रमाणे असे पक्षी बाळगणाऱ्याने ‘परिवेश’ या सरकारी संकेतस्थळावर नोंदणी करायची असते. नवा पक्षी आला तर ३० दिवसांच्या आत. पिल्ले झाली तर त्यांचीही खबर द्यावी लागते. वही नीट असेल तर हे काम सोपे जाते, आणि अडचण आली तर वनखात्याच्या कार्यालयात विचारावे.

जाता जाता एक. किनाऱ्यावर एखादा पाणपक्षी पायात धातूचा वाळा असलेला मिळाला, तर तो कोणाचा पाळीव नव्हे. डेन्मार्कमधील मॉर्टेनसेन या शिक्षकाने १८९९ मध्ये क्रमांकाचे अॅल्युमिनियमचे वाळे पक्ष्यांना घातले, तेव्हापासून पक्ष्यांचे प्रवास समजू लागले. आपल्याकडे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी हे काम करते. पक्षी जिवंत असेल तर वाळा काढू नका. मेलेल्या पक्ष्याला उघड्या हाताने शिवू नका. क्रमांक, तारीख आणि ठिकाण लिहून हॉर्नबिल हाऊस, शहीद भगतसिंग मार्ग, मुंबई ४०० ००१ या पत्त्यावर कळवा. जमल्यास वाळ्याचा फोटोही पाठवा, म्हणजे अंक वाचण्यात चूक होणार नाही.