तंबोरा टिकवायचा तर कारागीर टिकायला हवा

पुण्यातल्या मैफलींत वाजणारे कितीतरी तंबोरे मिरजेत घडलेले असतात. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार मुस्लिम घराण्यांनी १९व्या शतकात ही कला हाती घेतली. भोपळा सोलापूर जिल्ह्यातल्या शेतातला, जोडीला लाकूड. भोपळ्याला तडा गेला तर सांधता येतो, जवारी पुन्हा काढता येते. असं वाद्य पिढ्यान्‌पिढ्या चालतं. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनाने चूल पेटत नाही. मी सॉफ्टवेअरवाला. रियाजाला मोबाइलमधला तंबोरा चालेल, मैफलीला खरा हवा. पर्यावरणाची काळजी असलेल्या कलावंतांनी नवं घेण्याआधी जुनं दुरुस्तीला द्यावं आणि मजुरीत घासाघीस करू नये. कारागिराची मुलं या कामात राहिली, तरच आपला हा सामायिक वारसा उरेल.