बेटांचे राखणदार

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



मॉरिशस म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी चटकन आठवतात. एक म्हणजे डोडो, आणि दुसरी म्हणजे तिथे गेलेली आपली माणसं. 1834 पासून करारावर हजारो हिंदुस्थानी मजूर उसाच्या मळ्यांत कामाला गेले. त्यांत कोकणातली आणि घाटावरची मराठी कुटुंबंही होती. त्यांचे वंशज आजही तिथे गणपती बसवतात आणि गणेश चतुर्थीला साऱ्या देशाला सुट्टी असते. आज मी बोलणार आहे ते याच बेटावरच्या आणखी काही माणसांविषयी. डोडोच्या मागोमाग निघालेल्या कितीतरी जीवांना त्यांनी वाटेत अडवलं आणि मागे फिरवलं. 1984 साली स्थापन झालेल्या ‘मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशन’ या संस्थेत ती काम करतात.

डच लोक 1598 मध्ये या बेटावर उतरले. डोडोची शेवटची खात्रीची नोंद 1662 ची मानतात. म्हणजे जेमतेम पासष्ट वर्षांत एक पक्षी पृथ्वीवरून गेला. पुढे जंगल तुटत गेलं, उसाचे मळे पसरले, आणि आज चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्केसुद्धा उरलेलं नाही. कुऱ्हाडीइतकंच नुकसान केलं ते बाहेरून आलेल्या प्राण्यांनी. उंदीर, मांजरं आणि माकडं तर आलीच, शिवाय आपल्या ओळखीची मंडळीही आली. उंदीर मारायला म्हणून हिंदुस्थानातून मुंगूस नेलं, ते स्थानिक पक्ष्यांवर उठलं. आपल्या अंगणातली साळुंकी, शिपाई बुलबुल, कावळा आणि हिरवा पोपट, सगळे तिथे उपरे आहेत. आपला पोपट तिथल्या मूळ पोपटाच्या ढोलीवर हक्क सांगतो. ज्याला आपण इथे कौतुकाने पेरू घालतो, तोच तिथे दुसऱ्याच्या घरात घुसतो. यात पोपटाचा दोष नाही. त्याला तिथे नेलं माणसाने, आणि म्हणून निस्तरायचंही माणसानेच.

ते कसं निस्तरलं, हे नीट पाहू.

मॉरिशस केस्ट्रेल हा ससाण्याच्या कुळातला लहानसा शिकारी पक्षी. जंगलातल्या पाली पकडून जगणारा. 1974 साली साऱ्या जगात त्याचे चार पक्षी माहीत होते. जंगलतोड, मुंगूस, माकडं आणि मलेरियासाठी फवारलेलं डीडीटी, या सगळ्यांनी मिळून त्याला तिथवर आणलं होतं. 1979 मध्ये कार्ल जोन्स हा वेल्समधला चोविसेक वर्षांचा तरुण मॉरिशसला पोचला. या पक्ष्याचं काही खरं नाही, तेव्हा प्रकल्प आवरता घ्या, अशी त्याला पाठवणाऱ्यांची अपेक्षा होती. त्याने आवरला नाही. लहानपणापासून शिकारी पक्षी हाताळलेला हा माणूस. मादीची पहिली अंडी उचलली तर ती पुन्हा अंडी घालते, हे त्याला ठाऊक होतं. तो कड्यावरच्या घरट्यातून पहिली अंडी काढून आणायचा, उबवणी यंत्रात उबवायचा, पिलं हाताने भरवून वाढवायचा. तिकडे जंगलातल्या मादीला दुसऱ्या खेपेसाठी ताकद यावी म्हणून तिला पांढरे उंदीर खाऊ घालायचे. पक्षी इतके सरावले की माणसाने उंदीर दाखवला की झेप घेऊन तो उचलून न्यायचे. पिलं मोठी झाली की जंगलात सोडायची आणि ती स्वतः शिकार करू लागेपर्यंत खाणं पुरवायचं. 1990 च्या दशकाच्या मध्यापर्यंत असे तीनशेहून अधिक पक्षी सोडले गेले.

त्या काळी अनेक जाणकारांना हे मान्य नव्हतं. पैसा अधिवास वाचवण्यावर घाला, एकेका पक्ष्याला भरवत बसू नका, असं ते म्हणत. जोन्स आणि त्याच्या सहकाऱ्यांचं म्हणणं होतं की अधिवास सावरेपर्यंत पक्षीच उरला नाही, तर त्या अधिवासात राहणार कोण? मला हे म्हणणं पटतं. रोगी खाटेवर असताना हवापालटाचा सल्ला उपयोगाचा नसतो, आधी त्याच्या तोंडात पेज घालावी लागते.

आता कार्ल जोन्सला 2016 मध्ये वन्यजीव रक्षणासाठीचा इंडियानापोलिस पुरस्कार मिळाला, प्राणिसंग्रहालय चालवणाऱ्या जेराल्ड डरेल यांच्या जर्सी बेटावरच्या संस्थेने या कामाला सुरुवातीपासून बळ दिलं, वहाब ओवादाली या मॉरिशसच्या वनाधिकाऱ्यांनी सरकारी बाजू भक्कमपणे सांभाळली. ही नावं इतिहासात राहतील आणि राहायलाच हवीत. पण श्रोतेहो, दररोज सकाळी जंगलात कोण जातं? माझं आजचं बोलणं खरं तर त्यांच्यासाठी आहे.

ब्लॅक रिव्हर गॉर्जेसच्या राष्ट्रीय उद्यानात संस्थेची माणसं तळ ठोकून राहतात. त्यांत मॉरिशसची तरुण मुलंमुली असतात आणि परदेशातून शिकायला आलेले स्वयंसेवकही. त्यांच्याकडे एको या तिथल्या मूळ पोपटाच्या घरट्यांचं काम असतं. 1980 च्या दशकात हे पोपट डझनभरही उरले नव्हते. दोर लावून उंच झाडावर चढायचं, ढोलीत हात घालून पिलं काढायची, त्यांचं वजन करायचं, पायात कडं घालायचं आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायची. ढोलीत माशीच्या अळ्या असतात. त्या पिलांचं रक्त पितात आणि पिलू मरतं. म्हणून ढोलीतला भुसा बदलायचा, औषध टाकायचं. दोन-तीन पिलं असतील तर बहुधा एकच जगतं, म्हणून धाकटं पिलू काढून ज्या जोडीची अंडी वाया गेली तिच्या घरट्यात ठेवायचं. माकड पोचू नये, पाऊस आत जाऊ नये, अशी ढोलीची डागडुजी करायची. हे एका झाडाचं झालं. मग दुसरं झाड.

पिंक पिजन या गुलाबी कबुतराचंही तसंच. 1990 च्या सुमारास जंगलात दहाएक पक्षी उरले होते. त्यांच्यासाठी ठिकठिकाणी धान्य ठेवायचं, प्रत्येक पक्ष्याच्या पायातल्या रंगीत कड्यांवरून कोण आलं आणि कोण आलं नाही याची नोंद करायची, उंदरांचे सापळे तपासायचे, मांजरं पकडायची. आज ही कबुतरं काही शेकड्यांत आहेत. धोक्यातल्या जीवांच्या आययूसीएनच्या जागतिक यादीत 2018 मध्ये कबुतर आणि 2019 मध्ये पोपट, दोघेही एकेक पायरी सुरक्षिततेकडे सरकले. यादीतला शब्द बदलायला कित्येक वर्षं रोजची वही भरावी लागली आहे.

मुख्य बेटाच्या उत्तरेला सुमारे बावीस किलोमीटरवर राउंड आयलंड आहे. समुद्रातून वर आलेला ज्वालामुखीचा उतरता खडक. सोडलेल्या शेळ्यांनी आणि सशांनी तो पार ओरबाडला होता. शेवटचे ससे 1986 मध्ये हटवले, आणि हिरवळ परतू लागली. नशिबाने तिथे उंदीर कधीच पोचला नव्हता. तो पोचू नये हीच आता तिथल्या राखणदारांची पहिली जबाबदारी. बेटावर जाणाऱ्या माणसाचं सगळं सामान आधी बंद खोलीत उघडून तपासतात. बुटाच्या तळव्यातली माती, पिशवीच्या शिवणीत अडकलेलं बी, तांदळाच्या डब्यातली मुंगी, सगळं पाहतात. तिथे मॉरिशसबाहेर जगात कुठेच नसलेला साप आहे, तशाच पाली आणि सापसुरळ्या आहेत. एका गाभण उंदरीने हे सारं संपू शकतं. म्हणून उन्हातान्हात, आठवडेच्या आठवडे, दोन-चार माणसं त्या खडकावर तण उपटत आणि रोपं लावत राहतात.

माहेबूर गावाजवळ, किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, इल ओ एग्रेत हे सव्वीस हेक्टरांचं प्रवाळी बेट आहे. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळातल्या एबनी झाडांचं जंगल तिथे संस्थेने पुन्हा उभं केलं. मॉरिशसची मूळ महाकाय कासवं नामशेष झाली होती, म्हणून सेशेल्समधल्या अल्दाब्राच्या कुळातली कासवं आणून सोडली. ती फळं खातात आणि बिया पसरवतात. त्यांच्या पोटातून गेलेलं एबनीचं बी अधिक चांगलं रुजतं, असं अभ्यासात दिसलं.

25 जुलै 2020 रोजी ‘वाकाशिओ’ हे जहाज या बेटाजवळच्या प्रवाळावर चढलं. 6 ऑगस्टपासून त्यातून तेल सुटलं, सुमारे एक हजार टन. संस्थेच्या माणसांनी रोपवाटिकेतली हजारो रोपं होड्यांतून मुख्य बेटावर आणली, पक्षी हलवले, पुढे आसपासच्या बेटांवरचे दुर्मिळ सरपटणारे जीव जर्सीच्या प्राणिसंग्रहालयात पाठवले. किनाऱ्यावर गावकरी उसाचं पाचट कापडात भरून बांध शिवत होते, काहींनी तर आपले केस कापून दिले. ज्या उसासाठी जंगल गेलं, त्याचंच पाचट बेट वाचवायला कामी आलं. शाळेतल्या मुलांना वर्षानुवर्षं बेटावर नेऊन झाडांची नावं शिकवणाऱ्यांच्या कष्टांचं हे फळ होतं, असं मी मानते. ज्याची ओळखच नाही, त्याच्यासाठी कोणी तेलात उतरत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. केस्ट्रेल वाचला, असं समजून त्याच्यावरचं सघन काम 1990 च्या दशकात कमी झालं. पुढे त्याची संख्या पुन्हा घटू लागली आणि 2014 मध्ये तो पुन्हा संकटग्रस्तांच्या यादीत गेला. माणसं पुन्हा कामाला लागली. यातून मी एकच गोष्ट शिकले. एखादा जीव वाचवण्याचं काम कधी संपत नाही. बिघडवलेल्या निसर्गात त्याच्या पाठीशी कोणीतरी कायम उभं राहावं लागतं. आणि कायम उभं राहणाऱ्याला कायमचा पगार, विमा, राहायला कोरडी खोली आणि म्हातारपणाची तरतूद लागते. देणगीदारांना नव्या प्रकल्पाचं उद्‌घाटन आवडतं. विसाव्या वर्षी सापळे तपासणाऱ्याचा पगार द्यायला मात्र कोणी पुढे येत नाही. जगभरच्या अशा संस्थांचं खरं दुखणं हेच आहे, आणि आपल्याकडच्या वनमजुरांचं आणि कासवांची घरटी राखणाऱ्या किनाऱ्यावरच्या पोरांचंही.

तेव्हा माझी विनंती साधी आहे. तुमच्या तालुक्यात कोणी देवराई राखत असेल, घरटी मोजत असेल, तर त्याच्या सत्काराला शाल द्याच. पण त्याच्या संस्थेला दरवर्षी, न चुकता, न मागता, जमेल ती वर्गणीही द्या. आणि एखादी मुलगी घरी येऊन म्हणाली की मला हेच काम आयुष्यभर करायचं आहे, तर तिला ‘पण पोटापाण्याचं काय?’ असं विचारण्याआधी, त्या प्रश्नाचं उत्तर समाज म्हणून आपणच द्यायचं आहे, हे ध्यानात ठेवा.