देव दयाळू, मग दुःख का?



गावात एखाद्या घरी तरणाताठा मुलगा सर्पदंशाने जातो. बातमी कळताच शेजारपाजार जमतो. बायका आईजवळ बसतात, पुरुष ओट्यावर बसतात. थोडा वेळ कुणीच बोलत नाही. मग हळूहळू तोंडे उघडतात. एक म्हणतो, "मागच्या जन्मीचं काहीतरी असेल." दुसरा म्हणतो, "कुलाचार चुकला असेल." घर ख्रिस्ती असले तर तिथेही कुणी भेटतोच. तो म्हणतो, "देवानं शिक्षा केली." शब्द निराळे, पण हिशेब एकच. दुःख आले, त्याअर्थी कुठेतरी चूक झालीच असली पाहिजे!

हा हिशेब बरोबर आहे काय, याचा विचार ख्रिस्ती धर्माच्या दृष्टीने आज करावयाचा आहे. प्रश्न सगळ्याच धर्मांना पडलेला आहे. पण ख्रिस्ती माणसाला तो विशेष टोचतो. कारण तो देवाला नुसता राजा किंवा न्यायाधीश म्हणत नाही, बाप म्हणतो. बापाच्या अंगी सामर्थ्य आहे आणि पोटात मायाही आहे, तर लेकराचे हाल तो उघड्या डोळ्यांनी कसे पाहतो? त्याला थांबवता येत नसेल तर तो सर्वशक्तिमान कसला? आणि थांबवता येत असून थांबवीत नसेल, तर तो प्रेमळ कसला? प्रश्न असा सरळ आहे, आणि तो विचारण्यात पाप नाही.

विचारवंतांनी याची जी उत्तरे दिली, त्यांतील दोन प्रमुख आहेत. पहिले इच्छास्वातंत्र्याचे. उत्तर आफ्रिकेतील संत ऑगस्टीन (३५४ ते ४३०) याने ते मांडले. देवाने माणसाला कळसूत्री बाहुली केले नाही. बरे-वाईट निवडण्याची मोकळीक दिली. ती मोकळीक माणूस वाईट रीतीने वापरतो आणि दुसरा भरडला जातो. १९४३ सालचा बंगालचा दुष्काळ घ्या. वीस ते तीस लाख माणसे त्यात गेली. परंतु प्रांतात धान्यच नव्हते असे नाही. लढाईच्या काळातील भाववाढ, साठेबाजी आणि राज्यकर्त्यांची बेपर्वाई यांमुळे ते गरिबाच्या ताटापर्यंत पोचले नाही, हे अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी पुढे दाखवून दिले. अशा दुःखाचा जाब देवाला विचारण्याआधी माणसालाच विचारला पाहिजे.

दुसरे उत्तर सृष्टीच्या नियमांचे. जी आग भाकरी भाजते, तीच झोपडी जाळते. माणूस पाहून आगीने आपला गुण बदलला असता, तर चूल पेटवण्याचाही भरवसा राहिला नसता. नियम पक्के आहेत म्हणून शेतकरी पेरतो आणि वैद्य औषध देतो. त्या पक्केपणाची किंमतही कधी कधी मोजावी लागते.

दोन्ही उत्तरे विचार करण्याजोगी आहेत. पण ज्या आईचे मूल नुकतेच गेले, तिच्यापुढे बसून ती बोलून पाहा. शब्द घशातच अडकतील. मग तिच्यापुढे बोलावे तरी काय?

बायबलच्या जुन्या करारात ईयोबाचे पुस्तक आहे, ४२ अध्यायांचे. ईयोब ऊस देशचा सज्जन गृहस्थ. सात मुलगे, तीन मुली, सात हजार मेंढरे, तीन हजार उंट, बैलांच्या पाचशे जोड्या. असे भरलेले घर. सैतान देवाला म्हणतो की या माणसाची भक्ती पोटभरू आहे; काढून घे सगळे, म्हणजे कळेल. आणि एकाच दिवशी जनावरे जातात, घर कोसळून दहाही मुले जातात. पुढे अंगभर गळवे उठतात. ईयोब राखेत बसून खापरीने अंग खाजवू लागतो.

आपल्याला येथे हरिश्चंद्राची आठवण होईल. पण एक फरक ध्यानात घ्या. हरिश्चंद्राचा रोहिदास पुन्हा उठतो. ईयोबाची मुले उठत नाहीत. शेवटी त्याला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात खऱ्या, पण गेलेली ती गेलीच.

ईयोबाला भेटायला तीन मित्र येतात : अलीफज, बिल्दद आणि सोफर. ते सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात. एक शब्द बोलत नाहीत. मला वाटते, त्या तिघांनी केलेली सर्वांत चांगली गोष्ट हीच. कारण तोंड उघडल्यावर ते काय म्हणतात? देव न्यायी आहे, तुला दुःख झाले आहे, तेव्हा तू पाप केलेच असणार, कबूल कर! ईयोब ते मानीत नाही. तो रडतो, चिडतो, जन्माच्या दिवसाला शाप देतो, देवालाच समोर बोलावतो.

शेवटी वावटळीतून देव बोलतो. गंमत अशी, की दुःखाचे कारण तो सांगतच नाही. पृथ्वीचा पाया, समुद्राच्या सीमा, रानातली जनावरे यांविषयी तो ईयोबालाच प्रश्न विचारतो. वाचकाला पहिल्या अध्यायापासून ठाऊक असलेली सैतानाची गोष्ट ईयोबाला अखेरपर्यंत कळत नाही. पण देव आला, बोलला, एवढ्याने तो शांत होतो. आणि मग देव त्या तिघांना म्हणतो, की माझ्याविषयी तुम्ही नीट बोलला नाहीत, ईयोब बोलला! देवाची बाजू घेऊन दुखावलेल्या माणसावर आरोप करणारे चुकले. देवापुढे गाऱ्हाणे मांडणारा बरोबर ठरला. धर्मग्रंथात ही गोष्ट लिहून ठेवलेली आहे, श्रोतेहो. ती आपण विसरतो.

नव्या करारात येशूने हाच धडा पुढे नेला. जन्मांध माणूस पाहून शिष्यांनी विचारले, पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशू म्हणाला, याचेही नाही आणि त्यांचेही नाही. आणि त्याने त्याला दृष्टी दिली. आणखी एकदा यरुशलेमेतील शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसे मेल्याची गोष्ट निघाली. ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती असे समजू नका, असे त्याने स्वच्छ सांगितले, आणि ऐकणाऱ्यांनाच आपापले वर्तन तपासायला लावले.

आता आपल्याकडची गोष्ट पाहा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक झोपले होते. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे जड धाबे अंगावर येऊन सुमारे आठ हजार माणसे गेली. ती माणसे तुमच्या-माझ्यापेक्षा अधिक पापी होती काय? तसे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? तेव्हा पापाचा हिशेब मांडण्यापेक्षा पुढची घरे कशी बांधावीत याचा विचार करणे अधिक धार्मिक म्हटले पाहिजे.

बरं, मग देवाचे प्रेम कुठे दिसते? ख्रिस्ती माणूस याचे उत्तर म्हणून क्रुसाकडे बोट दाखवतो. मित्र लाजर मेला तेव्हा येशू कबरेपाशी रडला. गेथशेमाने बागेत त्याने हा दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली; प्याला टळला नाही. क्रुसावर त्यानेही देवाला 'का?' असे विचारले. ख्रिस्ती श्रद्धा अशी, की हा टांगलेला माणूस म्हणजे देहधारी देवच होय. म्हणजे देव दुःखाच्या बाहेर बसून परवानग्या देणारा अंमलदार नव्हे. तो स्वतः आत उतरला. तिसऱ्या दिवसाचे पुनरुत्थान ही पुढची आशा. पण क्रूस वगळून त्या आशेची घाई करता येत नाही.

या श्रद्धेचे आचरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे चरित्र पाहावे. त्यांचा जन्म १८५८ चा. दक्षिणेकडील दुष्काळाच्या दिवसांत वडील, आई आणि थोरली बहीण अशी तिघे उपासमारीने खंगून गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास गेला, १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी मेधावी गेले. पदरात तान्ही मनोरमा. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्या स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो अनाथ मुली व विधवा यांना आधार देऊन घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. १९२१ मध्ये मनोरमाही गेली. तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे हाती घेतलेले काम रमाबाईंनी सोडले नाही. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या.

रमाबाईंना मोठे करण्यासाठी देवाने त्यांचे आईबाप उपाशी मारले, असे मी म्हणणार नाही. ती ईयोबाच्या मित्रांची वाट झाली. दुःखाने काही माणसे मोठी होतात, तशी काही मोडूनही पडतात. मोडलेल्याला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही. एवढे मात्र दिसते, की स्वतः भूक सोसलेल्या बाईने दुसऱ्या भुकेलेल्या मुलीला तिचे पाप विचारले नाही. तिला जेवू घातले.

शिक्षक बंधुभगिनींना शेवटी एक विनंती करतो. तुमच्या वर्गात कधी ना कधी असे मूल येतेच, की ज्याचे वडील नुकतेच वारलेले असतात. ते तुम्हाला विचारील, "गुरुजी, देवानं माझ्या बाबांना का नेलं?" देवाला चांगली माणसे आवडतात, असे गोड उत्तर देऊ नका, मुलाला अशा देवाची भीती वाटेल. "मला माहीत नाही, बाळ," असे खरे सांगा. मग त्याच्याजवळ बसा. त्याच्या घरी जाऊन या. त्याची वह्यापुस्तके आहेत का, फी भरली गेली का, दुपारचा डबा आणतो का, ते पाहा. देव प्रेमळ आहे की नाही, हे त्या मुलाला पुस्तकातून समजायला वेळ लागेल. तोवर ते तुमच्या वागण्यावरूनच ठरवणार आहे.