जिभेखालचा बंध आणि शस्त्रक्रियेचा विवेक
(व्याख्यानाचा मजकूर)



बराकपूर म्हटले की १८५७ आणि मंगल पांडे यांचे स्मरण होते. परंतु कोलकात्याच्या उत्तरेस, हुगळीच्या काठी वसलेले हे गाव केवळ जुनी छावणी नव्हे. टिटागढपासून नैहाटीपर्यंत पसरलेल्या ज्यूट गिरण्यांच्या पट्ट्यातील ते उपविभागाचे ठिकाण आहे. अशा कामगार वस्तीत जन्मलेल्या अर्भकाला अंगावर पिता आले नाही, तर वरच्या दुधाचा खर्च आणि अस्वच्छ पाण्यातून येणारा अतिसार ही दोन्ही संकटे घरात शिरतात. अंगावर पिण्यात येणाऱ्या अडचणींचे एक संभाव्य कारण म्हणजे जिभेखालचा आखूड बंध, म्हणजेच ‘टंग-टाय’.

जिभेच्या खालच्या बाजूस तोंडाच्या तळाशी जोडणारा पातळ पडदा प्रत्येकाला असतो. काहींमध्ये तो जन्मतः आखूड अथवा घट्ट असतो. मूल रडताना जिभेचे टोक बदामाच्या आकाराप्रमाणे दुभंगलेले दिसते. स्तनाग्र नीट पकडता न आल्याने आईला तीव्र वेदना होतात, मूल वारंवार सुटते आणि त्याचे वजन अपेक्षेप्रमाणे वाढत नाही.

यावरील शस्त्रक्रिया छोटी आहे. पहिल्या काही आठवड्यांत बाळाला कापडात गुंडाळून, जीभ उचलून बोथट टोकाच्या कात्रीने पडदा कापला जातो. पूर्ण भूल सहसा लागत नाही. रक्ताचे काही थेंब येतात आणि बाळाला लगेच अंगावर घेता येते. मोठ्या मुलाच्या जाड बंधासाठी मात्र भूल व टाके लागू शकतात. शस्त्रक्रियेपूर्वी जन्मतः ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले होते का आणि घराण्यात रक्तस्रावाचा विकार आहे का, हे विचारणे अत्यावश्यक होय. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लाळग्रंथीच्या नलिकेस इजा हे धोके विरळ असले तरी खरे आहेत.

शस्त्रक्रिया सोपी आहे, म्हणून ती सर्वांवर करावी काय? २०१७ मधील कॉक्रेन आढाव्यात पाच चाचण्यांतील ३०२ बालकांचा विचार झाला. आईच्या वेदना अल्पकाळात कमी झाल्याचे आढळले. बाळाच्या स्तनपानावरील परिणाम मात्र सातत्याने सिद्ध झाला नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०२४ मध्ये हीच सावधगिरी सांगितली आणि महागडा लेसर कात्रीपेक्षा सरस असल्याचा पुरावा नसल्याचे नमूद केले. पुढे बोलणे अडेल या भीतीपोटी अर्भकाचा बंध कापण्यासही भक्कम आधार नाही.

म्हणून निर्णय जिभेच्या दिसण्यावरून नव्हे, तर दूध पिण्यावरून व्हावा. प्रथम आईची बैठक व बाळाची पकड सुधारावी, वजन पाहावे. तरीही अडचण उरली तर विलंब न करता शस्त्रक्रिया करावी.

हे पहिले पाऊल घराजवळच टाकता येते. रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आशा कार्यकर्तीच्या सहा गृहभेटी ठरलेल्या आहेत. त्या वेळी तिने एक पूर्ण स्तनपान डोळ्यांनी पाहिले, तरी पुष्कळ उलगडा होतो. बराकपुरात डॉ. बी. एन. बोस उपविभागीय रुग्णालय आहे. तेथून लोकलने सुमारे २३ किलोमीटरवर सियालदह आणि त्याच्या शेजारी नीलरतन सरकार वैद्यकीय महाविद्यालय आहे. योग्य तपासणी खालच्या पायरीवर झाली, तर गरज नसलेल्या बाळाचा हा प्रवास टळतो आणि गरज असलेले बाळ वेळेत पोहोचते. आजारी नवजातांना सार्वजनिक रुग्णालयांत मोफत उपचार देण्यासाठी २०११ मध्ये जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम सुरू झाला. पुढे त्याची मर्यादा एक वर्षापर्यंत वाढवण्यात आली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) सहा महिन्यांखालील ६३.७ टक्के बालके निव्वळ स्तनपानावर होती. उरलेल्यांपैकी फार थोड्यांना कात्रीची गरज असेल. परंतु स्तनपान करू पाहणाऱ्या प्रत्येक आईला शेजारी बसून पाहणाऱ्या जाणत्या व्यक्तीची गरज असते. ती व्यक्ती वस्तीपर्यंत पोहोचणे, हेच आरोग्यसेवेचे खरे यश होय.