बेण्याचा पत्ता



कऱ्हाडहून येताना मल्हारपेठपर्यंत उसाच्या ट्रॅक्टरामागेच होतो. पुढे जायला वाट नव्हती, त्यामुळे मी आज वीस मिनिटं उशिरा पोचलो. एका ठिकाणी सगळंच थांबलं तेव्हा खाली उतरून ट्रॅक्टरवाल्याला विचारलं, "कुठली जात?" तो म्हणाला, "शहाऐंशी बत्तीस." शेजारच्या घरातल्या माणसाचं नाव सांगावं, तितक्या सहज.

आज पदवी घेणाऱ्या तुमच्यापैकी निम्म्या मुलांच्या घरी हा आकडा रोज तोंडात असेल. त्याचा अर्थ सांगतो. को ८६०३२ या उसाच्या जातीतलं 'को' म्हणजे कोइमतूर. तिथं १९१२ साली सरकारी ऊस पैदास संस्था सुरू झाली. ८६ हे निवडीचं वर्ष. उसाला तिकडे चांगला तुरा येतो, बी धरतं, म्हणून संकर तिथं होतात. तिथलं बी आपल्याच जिल्ह्यात, फलटण तालुक्यातल्या पाडेगावला येतं. पाडेगावचं ऊस संशोधन केंद्र १९३२ सालचं. तिथं हजारो रोपांतून नापास करत करत, दहा-बारा वर्षांनी एखादी जात हाती लागते. को ८६०३२ महाराष्ट्रात १९९६ मध्ये 'नीरा' या नावानं प्रसारित झाली. तुमच्या आजोबांनी तिच्यासाठी कुणाला रॉयल्टी दिली नाही. पैसा लोकांच्या करातून गेला होता, आणि तो कुणी मोजलाही नाही.

आता फुले २६५ घ्या. हीही पाडेगावची, २००७ ची. वजनाला भरपूर, चोपण जमिनीतसुद्धा तग धरणारी. शेतकऱ्याला आवडली, कारण त्याचा हिशेब टनात होतो. कारखान्याचा हिशेब उताऱ्यात, म्हणजे टनामागे निघणाऱ्या साखरेत होतो, म्हणून काही कारखाने सुरुवातीला तिची नोंद घ्यायला का-कू करत. शेत आणि कारखाना एकमेकांवर जगतात. तरी दोघांचा काटा वेगळा. मधे कुणीतरी वजनही बघणारं, उताराही बघणारं लागतं. ते काम बाजार आपणहून करत नाही, म्हणून सार्वजनिक संशोधन लागतं. माझं मत असं की गेल्या पन्नास वर्षांत आपण या मधल्या माणसाला फार स्वस्तात वापरलं.

माझ्या घरची गोष्ट सांगतो. मी आठवीत असताना आमच्या रानात फुटवेच फुटवे आले. बारीक, फिकट, गवतासारखे. आजोबा खूश झाले, म्हणाले, "यंदा फुटवा बघ." तो गवताळ वाढ हा रोग होता. बेणं शेजारच्या गावातून आणलेलं, आणि रोग त्या टिपऱ्यांतूनच आला होता. ऊस जाळावा लागला. एकरी दहा हजार दोन डोळ्यांच्या टिपऱ्या लागतात, आणि त्यातल्या किती बाधित आहेत हे साध्या डोळ्यांना कळत नाही.

पुढे मी प्रयोगशाळेत काम करू लागलो तेव्हा उत्तर पाहिलं. उसाच्या वाढत्या शेंड्यात, अगदी टोकाशी, मिलिमीटरहून लहान भाग असा असतो की तिथं रोग बहुधा पोचलेला नसतो. तो सूक्ष्मदर्शकाखाली कापून घ्यायचा, बाटलीत वाढवायचा, त्यातून रोपं करायची. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेनं ऊतिसंवर्धनाचं हे काम पुढे नेलं. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटनं ते बेण्यापर्यंत आणलं. ही संस्था १९७५ मध्ये कारखान्यांनी आणि ऊसउत्पादकांनीच उभी केली. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित, अशा तीन पायऱ्या उतरून निरोगी बेणं शेतात येतं. तीन-चार वर्षांनी ते बदलायचं असतं. बदलतो कोण?

आता कारखान्याकडे बघा. एक टन ऊस गाळला की साधारण ११० ते १२० किलो साखर आणि चाळीसेक किलो मळी निघते. त्या मळीतून दहा लिटरच्या आसपास इथेनॉल. मळी पूर्वी नाक दाबून पुढे ढकलायची गोष्ट होती, आज तिची वाट बघतात. पण ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली आणि गुंतवणूक करून बसलेल्यांची तारांबळ उडाली. पुढच्या वर्षी ती उठली. धोरण एका दिवसात फिरतं, जात दहा वर्षांत तयार होते. हे वेळापत्रक तुम्ही लक्षात ठेवा. मंत्रालयात ते कुणी लक्षात ठेवत नाही.

सार्वजनिक संशोधनाचं मोल सांगताना सांगलीची हळदही आठवते. जखमेवर हळद लावण्याचं पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिलं गेलं होतं. डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं त्याला आव्हान दिलं, जुने ग्रंथ आणि नियतकालिकं पुरावा म्हणून मांडली, आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. एकट्या शेतकऱ्याला ही लढाई परवडली नसती.

मित्रहो, तुमच्यापैकी काही जण साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत, काही बँकेत, काही शाळेत जातील. काही जण शेतीच करतील, आणि त्यांना या व्यासपीठावरून कुणी 'फक्त' म्हणू नये. कारखान्यात गेलात तर उताऱ्याच्या नोंदीशेजारी जात आणि बेण्याचं वय लिहायला लावा. तो कोरा राहणारा रकाना भरला, तर पाडेगावच्या माणसाचं अर्धं काम तुम्ही केलेलं असेल.

आणि आज संध्याकाळी घरी गेल्यावर वडिलांना विचारा, हे बेणं कुठून आणलं आणि किती वर्षांपूर्वी. उत्तर 'शेजाऱ्याकडून, आठवत नाही' असं आलं, तर पुढच्या लावणीआधी पाडेगावला जाऊन या.