पाठ आणि पोते

मराठी भाषेने पाठीचा मोठा मान राखला आहे. आधाराला ती पाठबळ म्हणते, साह्यकर्त्याला पाठीराखा म्हणते. परंतु ज्याचा सारा संसार स्वतःच्या पाठीवर उभा असतो, त्या हमालाच्या, माथाडी कामगाराच्या, उत्तरेकडील पल्लेदाराच्या पाठीचा विचार क्वचितच होतो.

ओझे उचलताना शरीरात काय घडते? पाठीचा कणा हा एकावर एक रचलेल्या मणक्यांचा स्तंभ असून दोन मणक्यांमध्ये कूर्चेची लवचिक चकती असते. माणूस वाकून ओझे उचलू लागला की कमरेशी टेकू असलेली तरफ तयार होते. पाठीचे स्नायू या टेकूपासून सुमारे ५ सेंटिमीटर मागे असतात. हातातील वजन मात्र सहज ४० सेंटिमीटर पुढे जाते. म्हणजे २० किलोंचे ओझे तोलण्यास स्नायूंना १६० किलोंइतका जोर लावावा लागतो, आणि वाकलेल्या धडाचा भार निराळाच. हा दाब चकतीवर येतो. त्यात अंगाला पीळ पडला तर चकती सरकून मज्जातंतू दाबला जाण्याचा संभव असतो. मग कळ थेट पायात उतरते.

अनुभवी हमालाला हे गणित कोणी शिकविलेले नसते, तरी त्याच्या अंगाला ते ठाऊक असते. म्हणूनच तो पोते डोक्यावर किंवा पाठीवर, कण्यालगत वाहतो. ते चढविण्यासाठी सोबत्याचा हात घेतो. खरा धोका जमिनीवरून उचलताना आणि थप्पीवर टाकताना असतो.

‘गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा’ हा उपदेश चांगला आहे. पण पोत्याचे वजन हमाल ठरवीत नाही. एके काळी धान्याचे पोते १०० किलोंचे असे. १९६७ साली आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा संस्थेने १९९१ साली सुधारलेल्या सूत्रात, सर्व परिस्थिती अनुकूल असतानाही २३ किलोंचीच मर्यादा घातली. सिमेंटची साधी गोणी मात्र ५० किलोंची असते.

महाराष्ट्राने १९६९ साली माथाडी कायदा करून विखुरलेल्या हमालांना नोंदणी, मंडळ व भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार दिला. तथापि जेथे मजुरी नगावर मिळते, तेथे विसावा म्हणजे तोटा. पोते हलके केले आणि दर तोच धरून वजनाप्रमाणे घटविला, तर तेवढीच कमाई करण्यासाठी अधिक वेळा वाकावे लागेल.

म्हणून पोते हलके करताना मजुरीचा हिशेबही नव्याने मांडावयास हवा. गोदामाचा ओटा मालमोटारीच्या तळाशी समपातळीत असावा, थप्पीची उंची आवरावी, हातगाडी जवळ असावी. यांपैकी एकही गोष्ट हमालाच्या हाती नाही. व्यापारी, गोदामाचे मालक आणि शासन यांच्या हाती आहे. पाठ एकदा जायबंदी झाली की हमालाला दुसरा धंदा सहसा मिळत नाही, हे त्यांनी विसरू नये.