एका यंत्रांत दोन संसार

डोंबिवलींतील एखाद्या मध्यमवर्गीय कुटुंबांत संगणक बहुधा एकच असतो. वडिलांचे हिशेब, घरकर्जाचे कागद, लग्नकार्याचीं छायाचित्रें, सारें त्यावरील विंडोजच्या स्वाधीन असतें. पुढें कन्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत जाऊं लागते, तिला युनिक्सच्या आज्ञांचा अभ्यास करावा लागतो, आणि आहे तो संसार मोडल्यावांचून हा दुसरा कसा थाटावा, असा प्रश्न घरांत उभा राहतो.

युनिक्सचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत झाला. त्याच धर्तीवर लिनस टोर्वाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्यानें १९९१ सालीं लिनक्सचा गाभा रचला. दोन्ही प्रणाली एकाच यंत्रावर हव्या असल्यास चकतीचे विभाग पाडणें, हा जुना उपाय. परंतु कल्याणहून गाडी एक तर कसाऱ्याकडे जाते, नाहीं तर कर्जतकडे; त्याप्रमाणें येथेंही यंत्र सुरू होतांनाच एक वाट पत्करावी लागते. शिवाय विभागणी करतांना हात चुकला, तर वर्षांचे कागद क्षणांत नाहींसे होतात.

मायक्रोसॉफ्टनें २०१६ सालीं ‘डब्ल्यूएसएल’ ही सोय आणून ही अडचण दूर केली. २०१९ सालीं जाहीर झालेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत खरा लिनक्स-गाभा विंडोजच्या पोटांतच चालतो. कृति सोपी आहे. पॉवरशेल प्रशासकाच्या अधिकारानें उघडून ‘डब्ल्यूएसएल’ हीं अक्षरें रोमन लिपींत लिहावीं. मग मोकळी जागा, दोन आडव्या रेघा आणि त्यांना जोडून ‘इन्स्टॉल’ हा शब्द. यंत्र पुन्हा सुरू केल्यावर उबुंटू नांव व परवलीचा शब्द विचारतें. हा शब्द लिहितांना पडद्यावर कांहींच उमटत नाहीं. त्यानें गोंधळून जाऊं नये.

एक सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. या नव्या घरांतून जुन्या घराचें दार उघडेंच असतें: विंडोजची ‘सी’ चकती तेथें ‘एमएनटी’ या कप्प्याखालीं दिसते. तेथें ‘आरएम’ ही आज्ञा दिली, तर वडिलांची हिशेबवही कचरापेटींत न जातां कायमची जाते. म्हणून अभ्यास लिनक्सच्या स्वतःच्या कप्प्यांत करावा. तेथें कामही अधिक वेगानें होतें. आणि आरंभींच घरच्या कागदांची एक प्रत बाहेरील चकतीवर काढून ठेवावी. मग कन्येनें खुशाल चुका कराव्या. शिकण्याचा तोच मार्ग आहे.